नऊ नंबरचं पिंप

त्या मंगळवारी इशबेल मॅकइंडियरला तसं पाहिलं तर एकच काम होतं. समुद्राकडच्या गोदामात जायचं, नऊ नंबरच्या पिंपाचं बूच काढायचं आणि बाटलीभर नमुना घेऊन परत यायचं. बत्तीस वर्षांत असली कामं तिनं इतक्यांदा केली होती की झोपेतसुद्धा चुकली नसती. तरी सकाळपासून तिचं कशात लक्ष लागत नव्हतं. चहा दोनदा गार झाला आणि दोन्ही वेळा तिनं तो तसाच मोरीत ओतला.

अर्डस्केर बेटावरची व्हिस्की सगळ्यांना मानवते असं नाही. पलीकडच्या मोठ्या भूमीवरचे लोक पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतात. कुणाला औषधाच्या कपाटाचा वास येतो, कुणाला ओल्या दोरखंडाचा, कुणाला विझलेल्या शेकोटीचा. दुसऱ्या घोटाला तेच लोक गप्प होतात आणि तिसऱ्याला खिडकीतून समुद्राकडे बघायला लागतात. त्यात कुठलं गुपित नाही. मोड आलेली बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतून खणून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवायची, भट्टीतून दोनदा उतरवायची, आणि पिंपं समुद्राला पाठ टेकवून वर्षानुवर्षं अंधारात ठेवायची. "बाकीचं समुद्र बघतो, आपण फक्त पगार खातो," असं टॉर्क्विल म्हणायचा. टॉर्क्विल म्हणजे पिंपं बांधणारा म्हातारा. सत्तरी उलटली होती, गुडघे गेले होते, जीभ मात्र जशीच्या तशी होती.

इशबेल म्हणजे भट्टीचं नाक. कुठलं पिंप तयार झालं, कुठलं अजून पाच वर्षं झोपू द्यायचं, कुठलं मेलं, हे तिनं हुंगून सांगायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. तिच्या नाकावर अर्डस्केरचा देवापेक्षा जास्त विश्वास होता, आणि रविवार देवाचा म्हणून इथली माणसं त्या दिवशी कपडेसुद्धा वाळत घालत नाहीत हे लक्षात घेतलं तर ही गोष्ट काही लहान नाही.

त्या नाकाचं अकरा महिन्यांपूर्वी काय झालं होतं, ते मात्र तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

जानेवारीत आठ दिवस ताप आला. नवव्या दिवशी ती उठली, तव्यावर ओटच्या भाकऱ्या टाकल्या आणि खिडकीशी उभी राहिली. मागे वळली तेव्हा भाकऱ्यांचा कोळसा झालेला आणि घरभर निळा धूर. तिला काहीच कळलं नव्हतं. तिनं साबण हुंगला, कांदा चिरून हुंगला, रॉकेलची बाटली उघडून हुंगली. काही नाही. जिभेला खारट कळे, कडू कळे, व्हिस्कीचा चटका कळे. त्यापलीकडचं सगळं जग कुणीतरी पुसून टाकलं होतं.

तेव्हापासून ती सोंग करत होती. पेला नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि पापण्यांच्या फटीतून शेजारी पेला हुंगणाऱ्या टॉर्क्विलच्या भुवया बघायच्या. त्या वर गेल्या की पिंप चांगलं. अकरा महिने भट्टी अशी म्हाताऱ्याच्या भुवयांवर चालली होती आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता. रात्री अंथरुणात तिला याची लाज वाटायची, अगदी लहान मुलीला वाटावी तशी, तोंडावर पांघरूण ओढून घेण्याइतकी.

पण नऊ नंबरचं पिंप सोंगाला पचणारं नव्हतं. ते तिच्या वडिलांनी भरलं होतं. लाखलन मॅकइंडियरनं एकाहत्तर सालच्या नोव्हेंबरात ते भरलं, बूच ठोकलं, खडूनं आकडा घातला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खेकड्यांच्या टोपल्या उचलायला होडी घेऊन तो जो गेला तो गेलाच. होडी सापडली. तो सापडला नाही. इशबेल तेव्हा सात वर्षांची होती. दर तीन वर्षांनी त्या पिंपाचा नमुना निघायचा आणि दर वेळी ती काहीतरी निमित्त काढून टॉर्क्विलला पाठवायची. वडिलांच्या हातची ती शेवटची वस्तू. तिचा वास एकदाच घ्यायचा, शेवटी, सवडीनं, असं तिनं मनाशी ठरवून ठेवलं होतं. ठेवता ठेवता नाकच गेलं. आणि आता मालकांचा एडिंबराहून निरोप आला होता की भट्टीला दोनशे वर्षं होतायत, नऊ नंबर बघा. जिवंत असेल तर बाटल्यांत भरा, मेलेलं असेल तर बाकीच्या मालात मिसळून टाका. काहीही झालं तरी पिंप रिकामं होणार होतं.

"उद्याच्या बोटीनं लुमिस येतोय," ऑफिसच्या दारातून रूरी म्हणाला. रूरी भट्टीचा व्यवस्थापक, बेटावरचाच पोरगा, शिकून परत आलेला. "मालकांचा सगळ्यात जाणता माणूस आहे. पण मी सांगून ठेवलंय, शेवटचा शब्द इशबेलचा. नमुना आजच काढून ठेवाल ना?"

"काढते."

"मी येतो बरोबर," टॉर्क्विल कोपऱ्यातून म्हणाला. तो गुडघ्याला मलम चोळत बसला होता.

"तू कशाला? गोदामात घसरून पडलास तर तुला उचलायला चार माणसं लागतील. बेटावर एवढी धडधाकट माणसं उरली आहेत का?"

"बघा, बघा. बत्तीस वर्षं हिचं ओझं वाहिलं, आणि आता माझंच वजन काढते."

"बस इथं. चहा पी."

टॉर्क्विलनं मलमाची डबी बंद केली. मग जरा हळू आवाजात, बेटाच्या भाषेत म्हणाला, "पिंप एकटीनं उघडू नये, पोरी."

हे खरं होतं. अर्डस्केरमध्ये पिंप कुणी एकट्यानं उघडत नाही. बुचाच्या दोन्ही बाजूंच्या फळीवर लाकडी मोगरीनं ठोकायचं, म्हणजे फळी थरथरते आणि बूच आपोआप वर येतं. ते वर आलं की ठोकणाऱ्यानं विचारायचं, "आत कोण?" आणि शेजारी उभ्या असलेल्यानं पिंपाच्या वतीनं उत्तर द्यायचं, "घरचेच आहोत." मगच बूच उपटायचं. चोरून दारू गाळायच्या काळात सरकारी माणसं घरोघर फिरायची, तेव्हापासूनची ही रीत, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांतल्या कुणी तो काळ पाहिलेला नाही. आता ती नुसती गंमत उरली होती, पण जेवणाआधी हात धुवावेत तितकी अंगवळणी पडलेली.

"रीती पाळायच्या तर मग चर्चलाही जात जा," इशबेल म्हणाली आणि तिनं कंदिलासारखा तो मोठा विजेरी दिवा उचलला. तिला टॉर्क्विल नको होता. त्या पिंपाशी उभं राहून आपल्याला काही कळत नाहीये, हे कुणी पाहू नये एवढंच तिला हवं होतं. रडायला आलं तर तेही एकटीनं रडता आलं असतं.

डिसेंबरात बेटावर साडेतीनलाच दिवस मावळतो. ती गोदामापाशी पोचली तेव्हा पश्चिमेला राखाडी पट्टा तेवढा शिल्लक होता. उधाणाची भरती होती. समुद्र गोदामाच्या पायाच्या दगडापर्यंत आला होता आणि आणखी वर येत होता. वारा दार आपटत होता, म्हणून आत शिरल्यावर तिनं दाराला अडसर घातला.

दार लागताच वाऱ्याचा आवाज दबला. मागे उरला तो फक्त समुद्राचा. समुद्राकडची भिंत हातभर जाड, तरी लाट येऊन थडकली की तो धक्का जमिनीतून तळपायाला कळायचा. जमीन मातीची, काळी, ओलसर. पिंपं तीन-तीनच्या थरांत अंधारात दूरवर गेलेली. छताला एकच बल्ब, त्याचा उजेड दारापासून चौथ्या पिंपापाशीच दमायचा.

पूर्वी या दारातून आत येताच तिला वास यायचा. आणि तो एक वास नव्हता. ओलं लाकूड, बुरशी, सुकलेली द्राक्षं, मीठ, आणि त्या सगळ्याखाली व्हिस्कीची मंद ऊब. दरवर्षी प्रत्येक पिंपातली थोडी थोडी व्हिस्की हवेत उडून जाते आणि गोदाम ती पोटात घेतं. ती लहान असताना वाटायचं, हे गोदाम कुणीतरी मोठं जनावर आहे आणि आपण त्याच्या श्वासात उभ्या आहोत. आज तिला फक्त गारवा जाणवला. घरातलं माणूस गेल्यावर घर असतं तसं.

नऊ नंबर अगदी शेवटी, समुद्राच्या भिंतीला टेकलेलं. पूर्वी शेरी वाइन ठेवलेलं मोठं पिंप, काळं पडलेलं, पट्ट्यांवर गंज. तिनं दिवा बाजूच्या पिंपावर ठेवला. उजेडात खडूचा नऊ दिसला. वडिलांची नऊ लिहायची पद्धत होती, शेपूट लांब ओढायची. दर काही वर्षांनी टॉर्क्विल त्यावरूनच नवा खडू फिरवायचा, एक रेघही न बदलता. तिनं त्या शेपटावर बोट ठेवलं.

मग मोगरी उचलली. बुचाच्या डावीकडे एक ठोका. उजवीकडे एक. परत डावीकडे. आवाज पिंपांच्या रांगांतून दूर गेला आणि बराच वेळ परत आला नाही. बूच हळूच, बोटभर वर आलं.

"आत कोण?" ती म्हणाली.

सवयीनं म्हणाली. तोंडातून शब्द गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की उत्तर द्यायला कुणी नाही. ती स्वतःशीच हसणार होती.

"घरचेच आहोत."

आवाज पुरुषाचा. खालच्या पट्टीतला, शांत, थोडा घोगरा. बाहेरून आल्यासारखा नव्हता, मागून आल्यासारखाही नव्हता.

"टॉर्क्विल…?" ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. "टॉर्क्विल, ही थट्टा बरी नाही हं…"

तिनं दिवा दाराकडे फिरवला. अडसर तिनं घातला होता तसाच होता. मातीवर दारापासून पिंपापर्यंत फक्त तिच्या बुटांचे ठसे होते.

तिथून पळावं असं तिला वाटायला हवं होतं. पाय तसे तयारही होते. पण तेवढ्यात भिंतीवर लाट थडकली आणि तिच्या कपाळावरची पांढरी बट पुढे ओढली गेली, बुचाच्या दिशेनं. लाट मागे सरली आणि बट परत कपाळावर आली. पुन्हा लाट, पुन्हा बट पुढे. बुचाच्या फटीतून पिंप हवा आत घेत होतं आणि बाहेर सोडत होतं. समुद्र भरत होता तसं भरत होतं, ओसरत होता तसं ओसरत होतं. तिनं कान दिला तर शेजारचं पिंपही तेच करत होतं. त्याच्या शेजारचंही. अंधारात शेकडो पिंपं एका लयीत श्वास घेत होती, आणि ही लय तिच्या ओळखीची होती. बत्तीस वर्षं ती या लयीच्या मधोमध वावरली होती आणि तिला ती कधी ऐकू आली नव्हती.

तिनं बूच उपटून काढलं आणि ती भोकावर वाकली.

पहिल्यांदा काहीच आलं नाही. मग नाकाच्या अगदी वर, डोळ्यांच्या मधोमध, काहीतरी टोचलं. मीठ. जिभेवरचं नव्हे, वासातलं मीठ, ऑक्टोबरातल्या वादळानंतर किनाऱ्यावर सडणाऱ्या शेवाळाचं. तिच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. अकरा महिन्यांनी जगाचं दार किलकिलं झालं होतं, आणि मग ते सताड उघडलं.

पीटचा धूर आला. तो धूर कुठल्या माळावरच्या पीटचा हेही तिला कळलं, तो माळ तर तिच्या जन्माआधीच खणून संपला होता. मोड आलेल्या बार्लीचा गोडवा आला, आणि ती बार्ली फावड्यानं उलटणाऱ्या माणसांचा घाम. बार्ली ओढून आणणाऱ्या घोड्यांच्या ओल्या पाठी. डांबर लावलेली होडी. माशांच्या तेलाचे दिवे. बायकांनी शेकोटीजवळ विणलेले मोजे, त्यांतली मेंढीची चरबी. चोरून गाळलेल्या दारूचं तांब्याचं भांडं आणि ते लपवलेल्या गुहेतली ओल. वासामागून वास, आणि प्रत्येक वासामागे एक माणूस. तिला त्यांचे चेहरे दिसत नव्हते, नावं माहीत नव्हती, पण ती माणसं एकेक करून तिच्याजवळून जात होती, आणि प्रत्येक जण जाताना जरासा थांबत होता. लोक म्हणतात, चांगल्या व्हिस्कीत जागा कळते. तिनं स्वतः शंभर पाहुण्यांना हे सांगितलं होतं. आपण किती थोडं सांगत होतो, हे तिला आता कळत होतं. दोनशे वर्षं त्या मुठीएवढ्या भोकातून वर येत होती, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीपुढे आपण उभ्या कशा आहोत याचंच तिला नवल वाटत होतं.

ती श्वास आत घ्यायची तेव्हा पिंप सोडायचं. ती सोडायची तेव्हा पिंप आत घ्यायचं. हे असं किती वेळ चाललं ते तिला सांगता येणार नाही.

आणि सगळ्यांच्या शेवटी ओल्या लोकरीचा वास आला. जाड निळी जर्सी, तिच्या गळ्यापाशी काळा तंबाखू, बोटांना खेकड्यांच्या आमिषाचा उग्र दर्प, आणि तो झाकायला तोंडात धरलेली पेपरमिंटची गोळी. सात वर्षांची इशबेल त्या गळ्यात नाक खुपसून झोपायची.

"बाबा…?"

"किती उशीर केलास गं…"

"मला वास येत नव्हता, बाबा. लाज वाटत होती…"

"आता येतोय ना?"

"येतोय."

"मग झालं." भिंतीवर एक लाट थडकली. मग तो आवाज, आता जरा दुरून: "बूच लाव, पोरी… आता बाहेर कुणी राहिलं नाही."

तिचे हात आपोआप चालले. तांब्याची नळी आत सोडली, अंगठा दाबून वर काढली, बाटली भरली. बूच ठेवून मोगरीचा ठोका मारला, आणि त्या ठोक्यासरशी सगळं गेलं. मीठ गेलं, धूर गेला, जर्सी गेली. तिनं बाटली नाकाशी धरली. काही नाही. ती बाटली छातीशी धरून ती मातीत बसली आणि मनसोक्त रडली, पण ते रडणं दुःखाचं नव्हतं. आपल्याला बोलावून घेतलं, आपली आठवण ठेवली, एवढंच तिच्या मनात होतं. बाहेर कुणी राहिलं नाही, म्हणजे बाबा आत आहेत, सुखरूप आहेत, असाच तिनं त्याचा अर्थ लावला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या बोटीनं लुमिस आला. बारीक चणीचा, सभ्य माणूस, सतत हातमोजे चाचपणारा. रूरीनं नमुन्याच्या खोलीत चार पेले मांडले. टॉर्क्विल दाढी करून आला होता. सूर्य क्षणभर निघाला आणि पेल्यांतला रंग जुन्या मधासारखा दिसला.

"आधी तुम्ही," लुमिस इशबेलला म्हणाला.

तिनं रात्रभर ठरवून ठेवलं होतं. कालच्या प्रकारानंतर सोंग करणं तिला जमणार नव्हतं. "मला वास येत नाही," ती म्हणाली. "जानेवारीपासून येत नाही. रूरी, मी तुम्हाला फसवलं. या वर्षी मी पास केलेलं प्रत्येक पिंप टॉर्क्विलनं पास केलंय."

टॉर्क्विलनं नुकती केलेली दाढी चाचपली. "म्हणून माझ्याकडे बघत होतीस होय," तो म्हणाला. "आणि मी मेला समजत होतो, म्हातारपणी कुणाला तरी आवडायला लागलो."

रूरी हसला नाही, पण त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सोपं होतं, तर अकरा महिने आपण का कुढलो, असं तिला वाटलं.

लुमिसनं पेला उचलला. पहिल्यांदा लांबून, मग जवळून, मग डोळे मिटून. बोलला तेव्हा आवाज दबका होता, चर्चमध्ये बोलावं तसा.

"जिवंत आहे. देवा… नुसतं जिवंत नाही. मी चाळीस वर्षं हे काम करतोय. धूर, मीठ, डांबर, भिजलेली लोकर, तंबाखू… हे सगळं एका पिंपात मावत नाही हो." त्यानं पुन्हा पेला नाकाशी नेला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "आणि सगळ्यांच्या वर काहीतरी आहे. अगदी ताजं. माफ करा, हे विचित्र वाटेल… माणसाचा वास आहे. एका बाईचा."

"लाकडाचा असेल," रूरी म्हणाला.

"नाही. लाकडाचा नाही."

टॉर्क्विलनं त्याच्या हातून पेला घेतला, मान तिरकी करून हुंगला. इशबेलनं सवयीनं त्याच्या भुवयांकडे पाहिलं. त्या वर गेल्या नाहीत. त्याचा चेहराच उतरला. त्यानं पेला टेबलावर दूर सरकवला.

"इशबेल," तो बेटाच्या भाषेत म्हणाला, "ही तू आहेस."

"मी?"

"बत्तीस वर्षं तुझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलोय मी. तुझा वास मला कळत नाही होय?"

"पिंप भरलं तेव्हा मी सात वर्षांची होते, टॉर्क्विल."

"सात वर्षांच्या पोरीचा नाहीये." तो जवळजवळ कुजबुजला. "आत्ताचा आहे. तीन वर्षांपूर्वी मीच नमुना काढला होता. तेव्हा हे नव्हतं त्यात. रूरी… राहू दे हे पिंप. नका उघडू."

लुमिसला भाषा कळत नव्हती. तो दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. "सोमवारी रिकामं करू," तो उत्साहानं म्हणाला. "एकेक थेंब बाटलीत भरू. टोकियो, न्यूयॉर्क, सगळीकडे जाईल हे."

काल आपल्याला नेमकं काय सांगितलं गेलं, ते इशबेलला आत्ता कळलं. बाहेर कुणी राहिलं नाही, म्हणजे तीसुद्धा नाही. "नको," ती म्हणाली. "ते पिंप रिकामं करायचं नाही. शेवटचा शब्द माझा आहे ना, रूरी? माझा शब्द आहे, नको."

रूरी अवघडला. तो चांगला मुलगा होता, कुणाला दुखवायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. "पण इशबेल," तो हळूच म्हणाला, "तुम्हीच आत्ता म्हणालात ना, तुम्हाला वास येत नाही म्हणून?"

ती बाहेर आली. आवारात थंडगार ऊन पडलं होतं, ओहोटी लागली होती, आणि खडकांवरचं शेवाळ चमकत होतं. भिंतीच्या कडेला टॉर्क्विलची कुत्री फ्लॉस पहुडली होती. म्हातारी झाली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले, तरी रोज सकाळी इशबेल आवारात आली की पळत यायची आणि तिच्या तळव्यात नाक घालायची.

"फ्लॉस," इशबेलनं हाक मारली आणि हात पुढे केला.

कुत्रीनं कान टवकारले आणि उठून धावत आली. हातापाशी येऊन थांबली. तळवा हुंगला, बाही हुंगली, बुटांभोवती एक फेरी घातली. परत तळवा हुंगला. मग वाटेत कुणी नाहीच अशा थाटात ती इशबेलला वळसा घालून पुढे गेली, हवेत नाक उंचावून, पहिल्यांदा हळू आणि मग जोरात, समुद्राकडच्या गोदामापर्यंत. तिथं बंद दाराच्या फटीला तिनं नाक लावलं, आणि ती आनंदानं शेपूट हलवायला लागली.